बांधावरचा दिवा

तार्मुजीला पुरल्यापासून गावातला जो तो माझ्या टपरीवर कॉफी प्यायला बसला की एकच विचारायचा, पाक एर्ते सातव्या दिवशी काय म्हणणार? जसं काही मी त्याच्या पोटात शिरून बसले आहे. माझी टपरी त्याच्या अंगणासमोर, मधे फक्त रस्ता, एवढाच काय तो माझा अधिकार. मी सांगायची, "मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी उधारीवाल्यांना सांगितलं नसतं."

पाक एर्ते म्हणजे आमच्या आळीचा प्रमुख. त्याचं नाव सादिकुन. चारचौघांत मीही त्याला पाक एर्तेच म्हणते, एकटा असला की नावाने हाक मारते, कारण मी त्याच्याहून मोठी आहे आणि तो मला यू पाइनेम म्हणतो, म्हणजे पाइनेमताई. मेलेला तार्मुजी त्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो मेला लिक साइमोच्या खाचरावरच्या विजेच्या तारेला लागून. लिक म्हणजे काका. साइमो कोणाचाच सख्खा काका नाही, पण सगळे त्याला तसंच म्हणतात.

आमच्याकडे असं मरण आलं की त्याचा निकाल सातव्या दिवशीच्या जेवणात लागतो. संध्याकाळची नमाज झाली की पुरुष चटयांवर बसतात, आणि मेलेल्याच्या घरातला मोठा माणूस सगळ्यांदेखत सांगतो की आम्ही मनातून सोडून दिलं, आमचं कोणाबद्दल काही नाही. मग प्रार्थना, मग जेवण. तो शब्द आला की ज्याची तार तो सुटला. दुसऱ्या दिवशी ठाण्यावर जाऊन तेच सांगितलं जातं आणि तिथेही पुढे कोणी उकरत नाही. शब्द आला नाही तर साइमोला घेऊन जावं लागेल, असं ठाण्यावरचा माणूस पहिल्याच दिवशी सांगून गेला होता, तेही हळू आवाजात, कारण त्याच्याही सासऱ्याच्या शेताला तार आहे. साइमो सत्तरीकडे झुकलेला. त्याची बायको दोन वर्षं अंथरुणावर. तिचं खाणंपिणं, उठवणं-बसवणं सगळं तोच करतो. तो आत गेला तर ती किती दिवस काढेल हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

आणि शब्द देणारा मोठा माणूस म्हणजे सादिकुन.

मी या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला बघते आहे. तेव्हा तो विशीतला होता आणि तेव्हाही थकलेलाच दिसायचा. उंच, खांदे पुढे पडलेले, चालताना एक चप्पल ओढत चालणारा. एर्ते कसा झाला ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. बैठक चालू होती, जुना एर्ते वारला होता, नवा नेमायचा होता आणि सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले होते. सादिकुन लघवीला म्हणून मागे गेला. परत आला तोवर निवडून आला होता. त्यानंतर दर निवडीला तो जागचा हलत नाही, तरी तोच निवडून येतो.

या पदाला पगार म्हणावा असं काही नाही. नावाला मान आहे आणि डोक्याला ताप आहे. कोणाची शेळी चोरीला गेली, बोलवा एर्तेला. कोणाची बदकं कोणाच्या रोपात शिरली, एर्ते. नवऱ्याने बायकोला मारलं, एर्ते. बायकोने नवऱ्याला मारलं, तरी एर्तेच, पण मग जरा हसत हसत. रात्रीच्या राखणीच्या पाळ्या तोच लावतो. दर घरातून एकेकाने पाळीपाळीने चौकीत बसायचं, गल्लीतून फेरी मारायची, दर दाराशी टांगलेल्या वाटीतले मूठभर तांदूळ गोळा करायचे, त्या तांदळातून रस्त्याची, पुलाची डागडुजी व्हायची. पद्धत चांगली आहे. फक्त ज्याची पाळी असते त्याला त्याच दिवशी ताप भरतो. मग सादिकुन दुसऱ्या कोणाच्या तरी हातापाया पडतो, नाहीतर स्वतःच घोंगडी घेऊन जाऊन बसतो. त्याची बायको सुमिरा एकदा माझ्यापाशी म्हणाली, "लग्न मी एका माणसाशी केलं गं यू, पण संसार माझ्या घरात सगळी आळी करते." ती काही कौतुकाने म्हणत नव्हती.

आता तारेचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

भात पोटरीला आलं की उंदीर येतात. उंदीर लोंबी खातो तेवढीच खाल्ली असती तर माणसाने सोसलं असतं. तो धाटं बुडापासून कातरतो. सकाळी जाऊन बघावं तर खाचराच्या मधोमध कोणी विळा चालवून गेल्यासारखं रिकामं. आमच्या लोकांनी सगळं करून पाहिलं. विष घातलं, बिळात गंधकाचा धूर केला, कुत्री सोडली, सगळ्या गावाने काठ्या घेऊन बिळं खणली. शेवटी तार आली. खाचराच्या भोवती, घोट्याएवढ्या उंचीवर, बांबूच्या खुंट्यांवर ताणलेली उघडी तार, आणि घरातून ओढलेली वीज. संध्याकाळी बटण दाबायचं, पहाटेच्या बांगेला बंद करायचं. उंदीर मरतात यात शंका नाही. सापही मरतात, आणि साप मेले की पुढच्या वर्षी उंदीर आणखी वाढतात. पण हे मी बोलायला गेले की लोक म्हणतात, यू, कॉफीत साखर कमी पडली.

पहिला माणूस गेला तो स्वतःच्याच तारेवर. त्याला कोणी कोणाला माफ करायचं? पुरला आणि गप्प बसले. दुसरा होता एक बदकवाला, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून आलेला. ते लोक कापणी झाली की बदकांचे कळप घेऊन या गावाहून त्या गावाला फिरतात, खाचरात सांडलेले दाणे बदकं टिपतात. त्याचं एक बदक न कापलेल्या खाचरात शिरलं. तो त्याच्यामागे गेला. सकाळचे चांगले आठ वाजले होते. मालक बटण बंद करायला विसरला होता.

त्याच्या घरी निरोप घेऊन सादिकुनच गेला. मागे मोटरसायकलवर तांदळाचं पोतं, आणि अर्ध्या दिवसाची वाट. तिथे जाऊन तो जे बोलायचं असतं ते बोलला, की हे नशिबाचं होतं, कोणाच्या मनात वाईट नव्हतं, तुम्ही सोडून द्या. त्या बाईने त्याला चहा करून दिला. सोडून दिलं म्हणाली. तो निघाला तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "दादा, बदकाला तार कळत नाही ते समजू शकते. पण तुमच्या गावात माणसाला कळावं असं काहीच नसतं का?"

हे मला त्याने परत आल्यावर सांगितलं. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एकेका घरी गेला आणि सगळ्यांना तारा काढायला लावल्या. कोणाला समजावलं, कोणावर ओरडला, एकाच्या पाया पडला. काढल्या लोकांनी. त्या हंगामात उंदरांनी गाव धुऊन नेलं. ज्यांनी कधी तांदूळ विकत घेतला नव्हता ते बाजारातून विकतचे तांदूळ आणायला लागले. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही, आमच्याकडे तोंडावर कोणी काही म्हणत नाही. एका सकाळी सादिकुनच्या दाराशी टांगलेल्या तांदळाच्या वाटीत उंदराची शेपटी सापडली. ती सुमिराने काढून फेकली आणि वाटी तीनदा घासली.

मग बैठक झाली. सादिकुन उभा राहिला आणि म्हणाला, लावा तारा. पण एक नियम. बांधाच्या कोपऱ्यावर खांब पुरायचा, त्यावर दिवा लावायचा, आणि तो तारेच्याच बटणावर घ्यायचा. दिवा पेटलेला असेल तर वीज आहे, कोणी जवळ जायचं नाही. दिवा बंद असेल तर बांध मोकळा.

इतक्या पटकन आमच्या गावात कोणताच ठराव झालेला मी पाहिला नाही. सगळ्यांना पटला. उंदीरही मरणार, माणसंही वाचणार. पुढच्या हंगामात संध्याकाळ झाली की माझ्या टपरीतून शेताकडे बघावं तर लग्नघरासारखा थाट. शेजारच्या गावांतले लोक बघायला यायचे, माझी कॉफी खपायची, आणि कोणी विचारलं की मीच ऐटीत सांगायची, आमच्या पाक एर्तेचं डोकं आहे हे! सादिकुन तिथे बाकावर बसलेला असायचा. एकदा म्हणाला, "यू, आता निदान कोणी परका माणूस मरणार नाही." मला त्याचं इतकं बरं वाटलं होतं की मी त्या दिवशी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

तार्मुजी गेला त्या रात्री राखणीची पाळी साइमोची नव्हतीच. ज्याची होती त्याला ताप आला होता, नेहमीसारखा. सादिकुनने साइमोला विचारलं आणि साइमो हो म्हणाला. तो कोणाला नाही म्हणत नाही, हाच त्याचा रोग आहे. रात्रभर चौकीत बसून तो पहाटेच्या बांगेला घरी गेला, नमाज पढला. बायकोने पाणी मागितलं म्हणून भांडं घेऊन तिच्या खाटेपाशी टेकला. तिला पाजलं आणि तिथेच, बसल्या बसल्या, डोळा लागला. बटण तसंच राहिलं. आणि खांबावरचा बल्ब रात्रीच्या वाऱ्यापावसात कधीतरी गेलेला.

पाटाच्या पाण्याची त्या सकाळी तार्मुजीची पाळी होती. त्याच्या खाचरात पाणी वळवायचं तर वाट साइमोच्या बांधावरून. नुसतं फटफटलं होतं. त्याने कोपऱ्यावरच्या खांबाकडे पाहिलं असणार, आम्ही सगळेच आधी तिकडेच बघतो. दिवा बंद. तो अनवाणी बांधावर चढला.

त्याची बायको कास्मिरा न्याहारी घेऊन मागून गेली. तिने लांबून पाहिलं आणि हातातलं टाकून धावली, पण त्याला शिवली नाही. आमच्याकडच्या बाईला एवढं कळतं. ती तशीच चिखलातून पाच-सहा खाचरं तुडवत साइमोच्या घरी गेली, आत शिरली, तिने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. मग तिने हंबरडा फोडला. चौकीतलं पोकळ लाकूड कोणीतरी बडवायला लागलं तेव्हा मी चुलीत फुंकर घालत होते. मरणाचे ठोके वेगळे असतात. कोण गेलं हे कळायच्या आधीच मी चूल तशीच सोडून धावले.

त्यानंतरचे दिवस काही सरता सरेनात. साइमो रोज सकाळी बायकोचं आटपून सादिकुनच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायचा. टोपी काढून मांडीवर ठेवायचा. मला समोरून सगळं दिसायचं, ऐकूही यायचं.

सादिकुन बाहेर येऊन म्हणायचा, "लिक, घरी जा. काकी एकटी आहे."

"तिला दिलंय मी सगळं."

"मग वर तरी बसा. पायरीवर नका बसू."

"पोरा, काहीतरी बोल मला. शिवी दे. चार माणसांत दे."

सादिकुन आत जायचा, चहाचा पेला आणून त्याच्याजवळ ठेवायचा आणि पुन्हा आत जायचा. चहा गार व्हायचा. त्यात मुंग्या पडायच्या. तास-दीड तासाने साइमो उठून टोपी घालून जायचा.

आणि माझ्या टपरीवर बाकीच्यांची बडबड. त्यात जुंबादी पुढे. त्याची चार खाचरं, साइमोच्या वरच्या अंगाला. तळलेल्या केळ्याचा घास तोंडात ठेवून म्हणतो कसा, "पाक एर्ते देणारच शब्द. दुसऱ्याच्या घरी जाऊन मागितलाय त्याने, आता स्वतः नाही देणार? पण तारा काढायला सांगितल्या तर? भात पोटरीला आलंय हो."

कोणीतरी म्हणालं, "त्याचा भाऊ गेला आणि तुला पोटरीची पडलीये?"

"पडलीये," जुंबादी म्हणाला. "तुला नाही पडलेली?"

सगळे पेल्यात बघत राहिले. मला इतका संताप आला, आणि संताप अशासाठी की माझंही एक खाचर आहे आणि मीही त्याचाच विचार करत होते. म्हटलं, "झाली ना कॉफी? उठा आता. बाक झाडायचाय."

सहाव्या दिवशी दुपारी सादिकुन आला. टपरीत कोणी नव्हतं. मी कॉफी केली, तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, दोन तुकडे तळून पुढे ठेवले. त्याने हात लावला नाही.

"खा की. मेलेला माणूस तुझ्या उपासाने उठणार आहे का?"

"कास्मिरा म्हणते शब्द देऊ नका," तो म्हणाला.

मी हात पुसून समोर बसले. "साइमोवर एवढा राग आहे तिचा?"

"साइमोचं नाव नाही काढत ती."

"मग?"

तो बोटाने बाकावरची साखर गोळा करायला लागला. मग त्याने सांगितलं. मागच्या हंगामात तार्मुजी त्याच्याकडे आला होता. तार्मुजीच्या स्वतःच्या खांबावरचा बल्ब गेला होता, तारेत वीज होती, आणि तो जवळजवळ तारेवर पाय टाकणारच होता. घाबरला होता. म्हणाला, दादा, दिव्याचा हा नियम बदल. पेटलेल्या दिव्याला भ्यायचं हे ठीक, पण बंद दिव्यावर विश्वास टाकायचा हे चुकीचं आहे. बैठक बोलाव. सगळ्यांना सांग की दिवा बंद दिसला तरी मालकाला हाक मारल्याशिवाय बांधावर जायचं नाही.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बघू. कापणी झाल्यावर बघू." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याच दिवशी शेळ्यांवरून दोन घरांत डोकी फुटली होती, यू. मी तिकडून आलो होतो. परत बैठक, परत सगळ्यांची तोंडं, परत तेच, उंदीर आणि तारा. माझ्यात जीवच नव्हता. म्हटलं बघू. कास्मिरा तिथेच होती, तांदूळ पाखडत."

"आणि कापणी झाल्यावर?"

"कापणी झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही. मीही विसरलो." मग म्हणाला, "नाही. विसरलो नव्हतो."

मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याची कीव येत होती आणि राग येत होता, दोन्ही एकदम. राग त्याच्यावर होता आणि त्या सगळ्यांवरही होता ज्यांनी दर दिवशी त्याला हाक मारून मारून इतकं झिजवलं की सख्ख्या भावाचं ऐकायला त्याच्यात काही उरलं नाही.

शेवटी म्हटलं, "साइमोचं काय करणार आहेस?"

"तो सुटलाच पाहिजे. काकी मरेल नाहीतर." तो उठला. "पण मी जर उद्या उभा राहून म्हटलं, आम्ही सोडून दिलं, तर ती विचारेल, सोडणारा कोण आणि सुटणारा कोण? आणि बरोबर विचारेल."

सातव्या दिवशी मी दुपारपासूनच कास्मिराच्या स्वयंपाकघरात होते. आठ-दहा बाया होतो. कोंबड्या शिजल्या, भात झाला, नारळातल्या भाज्या झाल्या. कास्मिरा चुलीपाशी बसून तांदळाच्या पिठाचे आपेम भाजत होती. ते मेलेल्यांसाठी करतात. एक भाजायचा, उलथायचा, पानावर ठेवायचा, पुढचा घालायचा. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. कोणी म्हणालं, तू ऊठ, मी करते, तर नुसती मान हलवायची.

नमाज झाली, पुरुष आले. पुढच्या खोलीत आणि ओट्यावर चटया टाकल्या होत्या, सगळे भिंतीला पाठ लावून बसले, लुंग्या आणि काळ्या टोप्या. साइमो दाराच्या अगदी तोंडाशी, जिथे चपला काढतात तिथे. त्याला आत सरका म्हटलं तरी सरकेना. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आम्ही बाया बघत होतो.

सादिकुन उभा राहिला. चार माणसांत तो आयुष्यात किती वेळा उभा राहून बोलला असेल, पण त्या दिवशी त्याचा आवाज पहिल्या शब्दालाच अडकला. "माझा भाऊ तार्मुजी," म्हणाला, आणि थांबला. "माझ्या भावाच्या घरच्यांच्या वतीने..." पुन्हा थांबला. जुंबादी मान डोलावून डोलावून त्याला पुढे ढकलत होता, लहान मूल पाठ म्हणताना विसरल्यावर करतात तसं. सादिकुनचे ओठ हलत होते. शब्द येत नव्हता.

कास्मिराने हातातला आपेम पानावर ठेवला. पाण्याने हात धुतले, पदर नसतो आमच्याकडे, तर खांद्यावरच्या फडक्याला पुसले, आणि पडदा बाजूला करून पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. अशा वेळी बाईमाणूस तिथे जात नाही. एक-दोघांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली.

ती म्हणाली, "मी बोलते, कांग. तुम्ही बसा."

कांग म्हणजे दादा. ती त्याला पहिल्यापासून तेच म्हणत आली होती. सादिकुन बसला नाही. तसाच उभा राहिला.

"लिक साइमो," ती दाराकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही बसल्या जागी झोपला होता. हातात पाण्याचं भांडं होतं. ते सांडलंसुद्धा नव्हतं. मी बघितलंय. माझं तुमच्याबद्दल काही नाही. मी सोडून दिलं. ठाण्यावर विचारलं तर तिथेही येऊन हेच सांगेन."

साइमोने टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलायला लागले. खोलीभर लोकांचा श्वास सुटला, तो मला पडद्याआड ऐकू आला. जुंबादी तर प्रार्थनेसाठी हातही वर करायला लागला होता.

"थांबा," कास्मिरा म्हणाली. मग ती सादिकुनकडे वळली. आवाज चढवला नाही. "तुम्हाला नाही, कांग. लिक झोपले होते. तुम्ही जागे होता."

खोलीतल्या कोणालाच त्याचा अर्थ कळला नाही, सादिकुनला आणि मला सोडून. सगळ्यांना वाटलं बाई दुःखाने काहीतरी बोलते आहे. एक म्हातारा समजुतीने म्हणालाही, "होतं असं, पोरी, होतं." सादिकुनने सांगितलं असतं की तिचं डोकं ठिकाणावर नाही, तर लोकांनी मान्य केलं असतं. त्याने मान वर केली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "खरं आहे. तार्मुजीने मला सांगितलं होतं की बंद दिव्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या हंगामात सांगितलं होतं. मी बैठक बोलावली नाही."

मग तो खाली बसला. प्रार्थना म्हणवणाऱ्या म्हाताऱ्याने घाईघाईने ती सुरू केली, कारण दुसरं काय करावं ते त्यालाही सुचलं नसणार. कास्मिरा परत येऊन चुलीपाशी बसली. राहिलेलं पीठ तिने संपवलं. प्रार्थनेनंतर आम्ही जेवणाचे डबे बाहेर दिले आणि प्रत्येकाने आपापला डबा घरी नेला, कोणी मागे ठेवला नाही. जाताना कोणी सादिकुनशी बोललं नाही. त्याच्यावर कोणी रागावलंही नव्हतं. शब्द आला होता, काम झालं होतं, आणि अंधार पडला तसे शेतातले दिवे एकेक करून लागले. सादिकुनच्या दोन खाचरांवरचा तेवढा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कास्मिराला मोटरसायकलवर मागे बसवून ठाण्यावर घेऊन गेला. एरवी ती त्याच्या खांद्याला धरायची, त्या दिवशी सीटच्या मागच्या दांड्याला धरून बसली होती. परत आल्यावर तिला घरी सोडून तो माझ्या बाकावर येऊन बसला, कॉफी मागितली आणि या वेळी प्यायलाही.

"झालं, यू. लिक साइमो सुटला."

"बरं झालं," मी म्हटलं. "आणि आता तरी हे पद सोड. कोणी दुसरा बघू देत."

"सकाळीच सांगितलं तिघाचौघांना. म्हटलं, माझं आता काही खरं नाही, दुसरा नेमा. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते." तो थोडंसं हसला. "जुंबादी म्हणाला, पाक, तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

तेवढ्यात रस्त्यापलीकडून कोणीतरी हाक मारली, पाक एर्ते, अहो पाक एर्ते, आमच्या विहिरीचा दोर तुटला, बादली आत पडली. त्याने हात वर करून येतो म्हणून सांगितलं, पण उठला नाही. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ बघत बसला.

माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "साइमो सुटला ते ठीक. तू कधी सुटणार रे, सादिकुन?"

त्याने पेला खाली ठेवला आणि चप्पल पायात सरकवली.

"मला कोणी धरलंच नाही, यू," तो म्हणाला. "सुटणार कुठून?"